बसते का मेडिक्लेममध्ये?

गोंदियाहून बल्लारशाहकडे निघालेली पॅसेंजर सौंदडला थांबते, तेव्हा डब्यातल्या माणसाला दारूबाबत एक कायदा लागू असतो. वडसा आलं की दुसरा लागू होतो, कारण तिथं गडचिरोली जिल्हा लागतो आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. त्यापुढं ब्रह्मपुरी, नागभीड, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिथं 2015 च्या एप्रिलात बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. खिडकीची जागा न सोडता, एकाच तिकिटात, माणूस कायदेशीर, बेकायदेशीर आणि पुन्हा कायदेशीर होतो. आमच्या लोकांना याचं फार कौतुक नाही. वडसा यायच्या आत संपवायची, एवढा भूगोल त्यांना शाळेत न जाताही येतो. रेल्वेत पिणं मुळातच गुन्हा आहे, असं सांगणारा प्रवासी या लायनीवर मला अजून भेटायचाय.

आमच्या सौंदड गावाच्या अंगाला लागून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. जुने लोक त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको. पुढं वीस हजारांखालच्या वस्तीच्या गावांना सवलत मिळाली आणि अंतर 220 मीटरवर आलं. केरळात परवूरच्या एका बारवाल्यानं दारापुढं भुलभुलैयाच बांधला. दुकान जागेवरच राहिलं, गिऱ्हाईकाला मात्र वळसे घालत यावं लागलं आणि कागदावरचं अंतर पूर्ण झालं. जाताना सरळ चालता येणाऱ्याला येताना भुलभुलैया असला काय आणि नसला काय, सारखाच.

पण दारूबाबत कायद्याचा खरा विनोद याहून जुना आहे. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. कायदा दारूबंदीचा आणि त्यात परवान्यांची कलमं भरपूर. देशीसाठी एका दिवसाचा परवाना दोन रुपयांचा, विदेशीसाठी पाच रुपयांचा, आणि ज्याला स्वतःच्या चिकाटीची खात्री आहे त्याच्यासाठी आजीवन परवाना हजार रुपयांत. त्याच कायद्यात कलम 40-अ आहे, आरोग्य परवान्याचं. ज्याला प्रकृती टिकवण्यासाठी विदेशी दारूची गरज आहे, त्याला तो द्यावा. थोडक्यात, माणूस प्रकृतीसाठी पितो, हे सरकारनं फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. ती सोडणंही प्रकृतीसाठीच असतं, हे मान्य करताना मात्र सगळ्यांचे चष्मे घरी राहतात.

हा विषय मला सुचला तो आमच्या एका मामांमुळे. मामा म्हणजे अख्ख्या आळीचे मामा. त्यांचे जावई घेतात. स्वतःचा पोरगा असता तर मामा 'पेते साला' म्हणाले असते, पण जावई पडले, म्हणून ते 'घेतात', आणि तेही 'थोडे'. जावई बुटीबोरीला कंपनीत आहेत आणि रविवारी सासुरवाडीला येतात. येतात शनिवारी रात्री, पण कळतं रविवारी. लेकीनं शेवटी बापाकडे विषय काढला की यांना कुठंतरी भरती करा. मामांनी चौकशी केली. खर्चाचा आकडा ऐकून ते हायवेवरच्या टपरीवर आले, आलुबोंडा मागवला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजले:

"काहून भाऊ, दारू सोडवाचा खर्च मेडिक्लेमात बसते का?"

"पेवाचा खर्च बसत असन तं सांगा, मी आजच हप्ता भरतो," कोपऱ्यातून एक आवाज आला.

विम्याचा एजंट टपरीवर असतोच. तो म्हणाला, "बसते ना मामा. सारं बसते."

'सारं बसते' हे एजंटाचं पॉलिसी विकण्याआधीचं वाक्य आहे. विकल्यानंतरचं वाक्य 'कंपनीले विचारून सांगतो' हे असतं. मामांच्या घरची पॉलिसी विकून झालेली होती हे एजंटाच्या लक्षात यायला चहाचे दोन घोट लागले. मग तो म्हणाला, "कंपनीले विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मामांनी पॉलिसीचं पुस्तकच माझ्याकडे आणून टाकलं. पहिल्या पानावर आनंदी कुटुंब. नवरा, बायको, दोन पोरं, सगळे पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवर पळताहेत. एवढ्या निरोगी माणसांना विमा कशाला लागतो, हे कुठल्याच पानावर दिलेलं नाही. मधली पानं काय काय मिळेल याची. आणि मागं, अक्षर जिथं मुंगीएवढं होतं तिथं, काय काय मिळणार नाही याची यादी. त्या यादीत क्रमांक 12 ला आमचे जावई सापडले.

भारतीय विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांनी सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा एकसारखी करून दिली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मराठीत, म्हणजे इंग्रजीत, नकार देत असे. आता नकाराला कोड आहेत. बाराव्या कोडचा मतलब असा: मद्यासक्ती, अमली पदार्थांचा गैरवापर किंवा कोणतीही व्यसनाधीन अवस्था, आणि तिचे परिणाम, यांवरचे उपचार मिळणार नाहीत. हा अपवाद पॉलिसीत घालायलाच हवा अशी कंपनीवर सक्ती नाही. घातला तर शब्द हेच हवेत, एवढंच. पण न घालण्याचा मोह बहुतेक कंपन्यांनी आवरलेला दिसतो.

यातले 'आणि तिचे परिणाम' हे शब्द मला फार आवडतात. दारूचे परिणाम म्हणजे काय? लिव्हर गेलं, स्वादुपिंड सुजलं, हे झालंच. पण आमच्या भागात धानाचे चुकारे आले की पुढचे आठ दिवस गावात जे जे घडतं ते सारंच परिणामांत येतं. तेरवीच्या जेवणावरून झालेली मारामारी, मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तिसऱ्या अंकात स्टेजवर चढून व्हिलनला दिलेली थप्पड, विहिरीवरून झालेलं भावाभावांचं भांडण. परिणामांची यादी करायला बसलं तर पॉलिसी संपेल, परिणाम संपायचे नाहीत.

आता याच्या समोर दुसरा कागद ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. हा 29 मे 2018 पासून लागू आहे. यात मानसिक आजाराची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे घेतल्या आहेत. याच कायद्याचं कलम 21, पोटकलम 4 सांगतं, की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच, त्याच पायावर, मानसिक आजारालाही दिला पाहिजे. ऑगस्ट 2018 मध्ये विमा नियामकांनी कंपन्यांना या कलमाची आठवण करून दिली. 2019 च्या ज्या कागदात बारावा अपवाद आहे, त्याच कागदात मानसिक आजार सरसकट वगळता येणार नाही असंही लिहिलेलं आहे.

म्हणजे कायदा म्हणतो, दारूचं व्यसन हा मानसिक आजार. नियामक म्हणतात, मानसिक आजार वगळू नका. आणि नियामकच म्हणतात, दारूचं व्यसन वगळायचं असेल तर या शब्दांत वगळा. हे मी मामांना समजावून सांगितलं. मामा काही वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिवणाऱ्यानं कितीक घेतली होती?"

दिल्ली उच्च न्यायालयानं 2021 मध्ये एका विमा कंपनीला मानसिक आजाराच्या रुग्णाचा खर्च द्यायला लावला आणि भेदभाव चालणार नाही असं बजावलं. पण तो आजार वेगळा होता. दारूच्या बाबतीत वकील 2017 चा कायदा दाखवतात, कंपनी बारावा कोड दाखवते आणि रुग्ण मधल्या वेळात बिल भरतो.

पुस्तकातली भानगड इथपर्यंतच. पुढची दवाखान्यात होते. कोणत्याही गावी, कोणत्याही दवाखान्यात जा, प्रयोग तोच चालू असतो. रुग्ण पोट धरून आडवा पडलेला. ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर कागद घेऊन विचारतो, "दारू घेतात का?"

रुग्णाच्या बायकोला इतकी वर्षं हे आस्थेनं कुणी विचारलेलं नसतं. ती मोकळी होते. किती, कधीपासून, कोणती, कुणासोबत, पैसे कुणाचे आणि मंगळसूत्र कुठं आहे. सासू मधेच म्हणते, "नाई जी डॉक्टरसाहेब, थोडी थोडी. थंडीपुरती." मे महिना असतो. रुग्ण डोळे न उघडता म्हणतो, "मी सोडली जी."

"केव्हा?"

"काल."

डॉक्टर केसपेपरवर दोनच शब्द लिहितो: 'क्रॉनिक अल्कोहोलिक'. या दोन शब्दांची किंमत पुढं लाखांत जाते. मराठीत एवढं मानधन दोन शब्दांना कुठल्याही लेखकाला मिळालेलं नाही. कॅशलेसची विनंती आली की एका तासात उत्तर द्या, असं विमा नियामकांनी 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय. असे दोन शब्द सापडले तर तास पुरून उरतो.

मग घरात एक अनुभवी माणूस निघतो. प्रत्येक खानदानात एक असतो. त्याचा स्वतःचा किंवा साल्याचा क्लेम कधीतरी फेटाळला गेलेला असतो आणि त्या एका नकारावर तो जन्मभराचा सल्लागार होतो. तो बाहेर बाकावर सगळ्यांना पढवतो. "डॉक्टरनं विचारलं तं सांगाचं, घेत नाई. फारच खोदलं तं सांगाचं, लग्नात घेतली होती. कोनाच्या इचारलं तं सांगाचं, स्वताच्याच."

हसू येतं खरं. पण रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर बंड करतं. हात थरथरतात, घाम सुटतो, झटके येतात, खोलीत नसलेली माणसं दिसायला लागतात. गावात याला बाधा म्हणतात आणि लिंबू आणतात. दवाखान्यात याला इलाज आहे: बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झटके आवरणारी औषधं आणि त्या तीन-चार दिवसांची सक्त निगराणी. पण डॉक्टरला तर सांगितलेलं, घेतच नाहीत. अपेंडिक्ससाठी भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री उठून भिंतीवरचे विंचू मारायला लागतो आणि डॉक्टर विंचवांचं कारण शोधत बसतो. क्लेम वाचवायला सांगितलेलं खोटं पेशंटवर उलटतं ते असं.

खोटं फॉर्ममध्येही असतं. पॉलिसी घेताना प्रश्न असतो: मद्यपान करता का, किती? एजंट विचारतो, "नाहीच लिहू ना?" आणि उत्तराची वाट न पाहता लिहितो. 2025 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं असाच एक मामला निकालात काढला. हरियाणातल्या एका गृहस्थानं 2013 मध्ये एलआयसीची जीवन आरोग्य पॉलिसी घेतली होती. पिण्याची गोष्ट फॉर्ममध्ये दडवलेली होती. पुढं पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात गेले, वारले. दारूचा आजार काही एका रात्रीत होत नाही, आणि ही माहिती लपवली म्हणून एलआयसीनं क्लेम नाकारला ते बरोबर, असं न्यायालयानं म्हटलं. खालच्या ग्राहक मंचांनी बायकोच्या बाजूनं दिलेले निकाल गेले. सलग पाच वर्षं हप्ता भरल्यावर कंपनीला लपवाछपवीचा मुद्दा सहसा उकरता येत नाही, फसवणूक सिद्ध करावी लागते, असा नियम आता आहे. पण पाच वर्षं झाली तरी बारावा कोड तिथंच असतो.

माझं गाऱ्हाणं कंपनीच्या पैशापेक्षा या खोट्याबद्दल आहे. व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या दिवसापासून काय शिकवतात? खरं बोलायला. किती पितो ते खरं सांग, बायकोला सांग, चार लोकांत उभा राहून सांग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये तर माणूस बोलायला सुरुवातच कबुलीनं करतो. आणि विम्याचा कागद त्याच माणसाला, त्याच आठवड्यात, त्याच्या बायकोला, आईला आणि मेव्हण्याला शिकवतो की काहीही करा, पण खरं बोलू नका. दारुड्याच्या घरात खोटं बोलणारा निदान एकटा असतो. क्लेमचा फॉर्म आला की सारं घर त्याच्या पंगतीला बसतं.

'एकच प्याला'तल्या सुधाकराचा मेडिक्लेम असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसलाय. नाटककार गडकऱ्यांवर आमचा वैदर्भी हक्क आहे. ते 23 जानेवारी 1919 ला आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले आणि नाटक पुढच्याच महिन्यात बडोद्याला रंगमंचावर आलं. तर समजा सुधाकर दवाखान्यात भरती झाला. व्यवसाय: वकील. सद्यःस्थिती: सनद तहकूब. आजार कधीपासून: पहिल्या अंकापासून. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त 36 महिन्यांचा. नाटक त्याआधी संपतं. तरी समजा, सुधाकरानं बिनतोड युक्तिवाद केला. वकीलच तो. साहेब, मी मुळात व्यसनी नव्हतो, कोर्टात अपमान झाला, मानसिक धक्का बसला, त्यावर तळीरामानं औषध सुचवलं. कंपनी विचारणार, तळीरामाचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक? आर्य मदिरा मंडळाचं लेटरहेड चालणार नाही. सिंधूचा क्लेम मात्र बसला असता. ती पीत नव्हती, तिला झालेली इजा दुसऱ्याच्या हातची होती. पण फॅमिली फ्लोटरचा हप्ता भरायचा होता सुधाकरानं, तो त्यानं कुठं भरला हे सांगायला नको. सिंधू दळणं दळत होती; त्या कमाईत दिवस निघत, प्रीमियम निघत नाही.

यात नाटकवाल्यांनी रागवायचं कारण नाही. आमची झाडीपट्टी दिवाळीनंतरच्या मंडईपासून रात्र रात्र नाटकं बघते आणि त्यात दारुड्याच्या एन्ट्रीला जेवढी शिट्टी पडते तेवढी नायकाला पडत नाही. पडद्यामागंही त्या पात्राला शोधावं लागत नाही, एवढंच सांगतो.

मेडिक्लेम नावाची पॉलिसी भारतात सरकारी विमा कंपन्यांनी आणली ती 1986 मध्ये. आणि त्याच 1986 मध्ये, 29 ऑगस्टला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मेडिक्लेमचं आणि मुक्तांगणचं जन्मवर्ष एक, काम आजारी माणसाचं, आणि इतक्या वर्षांत एकमेकांची धड ओळख नाही. जुन्या मेडिक्लेमच्या पुस्तकात हॉस्पिटल कशाला म्हणायचं याची व्याख्या असे, आणि कशाला म्हणायचं नाही याचीही: विश्रांतीची जागा, म्हाताऱ्यांची जागा, अमली पदार्थांच्या व्यसनींची जागा, दारुड्यांची जागा, हॉटेल किंवा तत्सम. वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र आणि हॉटेल एका ओळीत. लिहिणाऱ्याला बहुधा तिन्ही ठिकाणी जागा मिळाली नसावी.

मुक्तांगण उभं राहायला पहिली रक्कम कुणी दिली? पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी, एक लाख रुपये. ज्या काळी विमा कंपनी व्यसनमुक्ती केंद्राला हॉटेलाच्या रांगेत बसवत होती, त्या काळी महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या विनोदी लेखकानं त्याचा आगाऊ क्लेम मंजूर केला. कागदपत्रं मागितली नाहीत, कोड दाखवला नाही. विनोदी लेखकांना गंभीर बाबतीत विचारत नाहीत, ही या राज्याची जुनी चूक आहे.

सौंदडहून पुणं मात्र दूर पडतं. इथं लोक आधी भिंतीवरच्या जाहिरातींकडे जातात. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' नकळत सोडवण्याची ही कल्पना बायकांना फार पटते, कारण पिणंही बरीच वर्षं त्यांच्या नकळतच चाललं होतं. पण न सांगता वरणात कालवलेली पूड कसली, हे देणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिरामसारखी गोळी नकळत पोटात गेली आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल होऊन ओकाऱ्या, रक्तदाब खाली, जीवावर बेतू शकतं. ती गोळी डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. 'तुमी नका सांगू, आमी नाई सांगत' या धर्तीवर नाही.

दुसरी वाट भंडारा-गोंदियाच्या माणसाला सांगावी लागत नाही. नागपूरच्या महानत्यागी बाबा जुमदेवजींचा परमात्मा एक मार्ग. आमच्याकडे गावोगावी या मार्गातले सेवक आहेत. त्यांच्या नियमांत वाईट व्यसनं बंद करणं हा एक नियमच आहे, आणि मार्गात सहसा अख्खं घर येतं. फॅमिली फ्लोटर म्हणतात तो हाच. सगळं घर एकदम मार्गात, त्यामुळं चोरून पाजणारा भाऊच उरत नाही. मी स्वतः मार्गातला नाही, आणि सगळ्यांचीच सुटते असा माझा दावा नाही. पण काल भट्टीसमोर पडलेला माणूस आज सकाळी पांढऱ्या सदऱ्यात हात जोडून नमस्कार करताना पाहिला की आपणच आपल्या शुद्धीवर शंका घ्यावी, असे चमत्कार मी पाहिलेत. खोली भाड्याची मर्यादा नाही आणि कुणी डिस्चार्ज समरी मागत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचंही तसंच. फी नाही, सभासदांनी स्वखुशीनं टाकतील तेवढ्यावर खर्च चालतो. मात्र ज्याला झटके येताहेत त्याला आधी दवाखान्यात न्या. नमस्कार नंतरही करता येतो.

हे सारं चालू असताना सरकार काय करतं? ते मोजतं. 10 जून 2025 ला राज्याच्या मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि 180 मिलीच्या बाटलीच्या किमान किमती ठरवून दिल्या: देशी 80 रुपये, महाराष्ट्रात धान्यापासून बनणारी नवी 'महाराष्ट्र मेड लिकर' 148, विदेशी 205 आणि उंची विदेशी 360. यातून वर्षाला आणखी 14,000 कोटी रुपये मिळतील असा अंदाज. आपल्या धानाला किमान भाव आणि बोनस मिळावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं निवेदनं देतो. क्वार्टरनं कुठंही निवेदन दिलेलं ऐकिवात नाही. एकाच सरकारात उत्पादन शुल्क विभाग महसुलाचं उद्दिष्ट गाठतो आणि सामाजिक न्याय विभाग व्यसनमुक्तीचे पुरस्कार वाटतो. त्या 14,000 कोटींतला किती पैसा पिणाऱ्याच्या उपचाराकडे वळतो, हा प्रश्न विचारायला आमच्या मामांना मुंबईला जायचंय, पण रिझर्व्हेशन मिळत नाही.

गंमत अशी की खाजगी विमा जिथं हात झटकतो तिथं सरकारी योजना थोडी बरी निघते. आयुष्मान भारतच्या उपचारांच्या यादीत नशेच्या पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक व वर्तनविषयक विकारांचं पॅकेज आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. तेव्हा आयुष्मानचं गोल्डन कार्ड असेल तर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन हा उपचार इथं होतो का, नसेल तर कुठं होतो, हे विचारावं. नागपूरला सरकारचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जावयाला 'मेंटल'मध्ये नेलं असं लोक म्हणतील, ही भीती मामांनाही होती. जावई भट्टीसमोर पडलेले असतात तेव्हा लोक काय म्हणतात, ते मामींनी त्यांना त्याच रात्री ऐकवलं.

ज्यांच्याकडे खाजगी पॉलिसी आहे त्यांनी मागच्या पानावर बारावा कोड आहे का ते आजच बघावं, आणि कंपनीतून मिळालेली ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला लेखी विचारावं. आजार दारूचा नसताना, नुसतं केसपेपरवर 'ऑकेजनल' लिहिलंय म्हणून क्लेम फेटाळला असेल, तर गप्प बसू नये. नकार कोणत्या कलमाखाली दिला हे कंपनीला लेखी सांगावंच लागतं. ते पत्र घेऊन आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथं निभावलं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नकार मानसिक आजाराच्या उपचाराला असेल तर तक्रारीत 2017 च्या कायद्याचं कलम 21(4) नाव घेऊन लिहा. एजंटाला विचारायला हरकत नाही, तो 'कंपनीले विचारून सांगतो' म्हणेल.

आणि डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा. पैसे जातील, माणूस राहील.

नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. फोन फुकट लागतो आणि तिथं पॉलिसी नंबर विचारत नाहीत.